कुब्जेचे मागणे

बेळगुंदीस एका स्नेह्यांच्या घरी आम्ही तो अनुबोधपट पाहिला. रवळनाथाचे दर्शन आटोपून आलेली सात-आठ मंडळी सोप्यात बसली होती. बेळगुंदी, कडोली, उचगाव, येळ्ळूर ह्या सीमाभागातील गावांनी साहित्य संमेलने भरवून मराठी वाङ्मयाची आवड राखली आहे; त्यामुळे काही वाचले वा पाहिले की त्यावर वाद झडावयाचा, हा येथला रिवाज. त्या संध्याकाळी मात्र पट संपला आणि कोणी बोलेना. एकाने घसा साफ केला, दुसऱ्याने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. अखेर यजमानांच्या नात्यातील, गोव्याकडून पाहुण्या आलेल्या एक प्रौढ बाई बोलल्या. लहानपणीच्या पोलिओने त्यांचा एक पाय अधू झालेला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमकां हें केन्नाच कोणें विचारलें ना." एवढे बोलून त्या भिंतीच्या आधाराने उठल्या आणि आत गेल्या.

त्या एका वाक्याने हे परीक्षण लिहिणे आम्हांस भाग पडले. एरवी हा विषय आम्ही टाळला असता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

अनुबोधपटाचे नाव 'ॲक्सेक्स'. श्वेता घोष ह्या त्याच्या दिग्दर्शिका. माध्यमविद्येचे त्यांचे शिक्षण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत झाले. पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट ह्या संस्थेने २०१३ साली ह्या बावन्न मिनिटांच्या पटाची निर्मिती केली आणि एकसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. विषय आहे अपंग स्त्रियांची कामभावना. नावात दोन इंग्रजी शब्दांची सांगड घातली आहे: एक 'प्रवेश' ह्या अर्थाचा आणि दुसरा कामसंबंधाचा. ही सांगड वरवर पाहता शब्दचमत्कृती वाटते. परंतु आम्हां देवळाशी बांधलेल्या माणसांना 'प्रवेश' हा शब्द किती जड आहे हे ठाऊक आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढील १९३० चा सत्याग्रह आणि पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठी साने गुरुजींनी १९४७ साली केलेले उपोषण ह्या दोहोंचा प्रश्न प्रवेशाचाच होता. जे सर्वांचे म्हणून सांगितले जाते ते अमुक एका माणसाचे का नाही, हाच तो प्रश्न. दिग्दर्शिका तो गृहस्थाश्रमाच्या उंबरठ्यावर आणून उभा करते.

देवस्थानाशी निगडित वाचकांच्या मासिकात असल्या विषयाची चर्चा असावी काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, पूजेच्या संकल्पात आपण चारी पुरुषार्थांच्या सिद्धीचा उच्चार करतो. त्यांत काम तिसरा आहे. धर्माच्या मर्यादेत राहणारा काम आपल्या परंपरेने निंद्य मानिला नाही. उलट गृहस्थाश्रमाचा तो पाया मानिला. आणि अंध, पंगू वा मूक माणसाने संकल्प सोडताना तिसरा पुरुषार्थ वगळावा, असे कोणत्याही पुरोहिताने सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा विषय धर्माबाहेरचा नाही. आपल्या सवयीबाहेरचा आहे.

आता पटाच्या गुणांकडे वळू. त्यात चार स्त्रिया आहेत: नताशा, सोनाली, कांती आणि आभा. दिग्दर्शिकेने त्यांना उदाहरणे म्हणून योजिलेले नाही. त्या कथनकार आहेत. हा भेद लहान नव्हे. अपंगांविषयीचे आपले बहुतेक लेखन आणि चित्रण दोन साच्यांत ओतलेले असते. एक करुणेचा: पाहा, बिचारीवर काय प्रसंग ओढवला! दुसरा कौतुकाचा: पाहा, एवढे असूनही हिने केवढी मजल मारली! दोन्ही साच्यांत पाहणारा उंचावर असतो आणि पाहिली जाणारी व्यक्ती खाली. 'ॲक्सेक्स' हे दोन्ही साचे बाजूला ठेवतो. सौंदर्य म्हणजे काय, आदर्श देह कोणी ठरविला आणि आपल्याला कोणी हवेसे वाटणे व आपण कोणाला हवेसे वाटणे ह्याचा आपल्याशी संबंध नाही असे जगाने परस्पर कसे धरून चालावे, हे प्रश्न ह्या स्त्रिया स्वतःच्या तोंडाने विचारतात.

ह्याहूनही मोलाची गोष्ट अशी की, हे प्रश्न केवळ अपंग स्त्रीचे नाहीत असे हा पट दाखवू पाहतो. आपल्याकडच्या मुली पाहण्याच्या कार्यक्रमाची आठवण करावी. मुलगी काळी की गोरी, उंच की ठेंगणी, चष्मा आहे काय, चालून दाखवील काय, चार ओळी वाचून दाखवील काय? चालून दाखविण्यामागे पाय तपासण्याचा, वाचून दाखविण्यामागे दृष्टी आणि वाचा तपासण्याचा हेतू असे, हे आता आपण विसरलो. म्हणजे ज्या तराजूत प्रत्येक मुलगी तोलली जाते, त्याच तराजूच्या अगदी तळाशी अपंग मुलीला बसविलेले आहे. तराजू एकच आहे. तो खोटा ठरला तर सुटका एकटीची होत नाही, सर्वींची होते. पटाचा हा विचार आम्हांस सर्वांत पटला.

पूर्वीच्या चित्रपटांशी तुलना केली असता ह्या पटाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. संजय सूरकरांच्या 'चौकट राजा' (१९९१) मधील दिलीप प्रभावळकरांच्या नंदूवर महाराष्ट्राने जिवापाड माया केली. परंतु ती माया लेकरावरची होती. देहाने वाढलेला पुरुष मनाने बाळच आहे, ह्या समजुतीत प्रेक्षकाला दिलासा मिळतो. कारण बाळाविषयी पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. सई परांजपे यांचा 'स्पर्श' (१९८०) ह्याच्या कितीतरी पुढे गेला. अंधशाळेचा मानी प्राचार्य अनिरुद्ध आणि तरुण विधवा कविता यांच्या त्या कथेत अंध पुरुषाचे प्रेम आवाजातून, गंधातून आणि स्पर्शातून फुलते. आणि ठरलेले लग्न तो स्वतःच मोडतो. कारण तिचे प्रेम हे प्रेम की उपकार, ह्या संशयाने तो पोळलेला असतो. उपकाराचा वास आलेले सुख मानी माणसाला गिळवत नाही, हे परांजपे यांनी अचूक हेरले. तथापि तेथे अपंग पुरुष होता. अपंग स्त्रीला नायिकेचे स्थान देऊन तिच्या कामभावनेस केंद्रस्थानी आणणारा शोनाली बोस यांचा 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' २०१४ साली आला. पण मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासलेल्या लैलाची भूमिका करणारी कल्की केकलां ही अव्यंग अभिनेत्री. तिच्या अभिनयकौशल्याविषयी दुमत नाही. परंतु प्रेक्षक मनाच्या एका कोपऱ्यात जाणून असतो की चित्रीकरण संपताच ही उठून चालू लागेल. 'ॲक्सेक्स'मध्ये तशी सवलत नाही. जो देह बोलतो तोच देह पट संपल्यावर घरी जातो.

आम्हांस मात्र हा पट पाहताना सर्वांत अधिक स्मरण झाले ते कुब्जेचे. श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधातील ही कथा कीर्तनातून आपण सर्वांनी ऐकली आहे. कंसाची दासी, चंदनाची उटी सिद्ध करणारी, तीन ठिकाणी वाकलेली. मथुरेच्या रस्त्यावर तिने ती उटी श्रीकृष्णास अर्पण केली. भगवंतांनी तिच्या पावलांवर पाऊल रोविले, हनुवटी उचलली आणि तिला सरळ केले. सरळ होताच तिने त्यांच्या वस्त्राचा पदर धरला आणि घरी येण्याची विनवणी केली. आणि भगवंतांनी पुढे उद्धवासह तिच्या घरी जाऊन आपला शब्द राखला. कीर्तनकार बहुधा पहिल्या चमत्कारावर रंगतात आणि दुसऱ्या भेटीवरून घाईने पुढे सरकतात. परंतु भागवतकाराने ती भेट वगळली नाही. विद्रूप म्हणून हसल्या गेलेल्या दासीलाही इच्छा असते आणि ती भगवंतापुढेही लाजिरवाणी ठरत नाही, एवढे औदार्य त्या ग्रंथात आहे.

तरीही एक अट राहतेच. कुब्जा आधी सरळ होते. मागणे नंतर येते. आपल्या कथांत हा क्रम पुनःपुन्हा दिसतो. वृद्ध आणि अंध च्यवनाची सुकन्येने एकनिष्ठेने सेवा केली खरी, पण त्यांच्या संसाराला बहर येतो तो अश्विनीकुमारांनी त्याला तारुण्य दिल्यावर. ज्याच्या कृपेने मुका बोलू लागतो आणि पांगळा डोंगर ओलांडतो, त्याला आपण रोज वंदन करतो. त्या वंदनातही दुरुस्तीची आशा आहे, आहे तशा देहाचा स्वीकार नाही. जेथे दुरुस्ती नाही तेथे दुसऱ्याचा त्याग असतो: धृतराष्ट्रासाठी गांधारीने डोळ्यांवर पट्टी बांधली, आणि आपण पट्टी बांधणारीची स्तुती करीत आलो. त्या दोघांत प्रीती होती की नाही, हा प्रश्न पट्टीखाली झाकला गेला.

स्मृतिकारांचे मत ह्या बाबतीत विचार करण्याजोगे आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, मूक इत्यादिकांना वडिलार्जित धनाचा वाटा नाकारून केवळ पोषणाचा हक्क दिला आहे. हा अन्यायच होय. परंतु त्याच ठिकाणी, अशांपैकी कोणाला स्त्रीची अभिलाषा झाली तर त्याच्या अपत्यास वाटा मिळावा, असेही सांगितले आहे. म्हणजे धन नाकारणाऱ्या स्मृतिकारानेही इच्छा मात्र गृहीत धरली, अर्थात पुरुषाची. आधुनिक कायद्याने ह्याच्या नेमके उलट केले. १९२८ च्या कायद्याने आणि पुढे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने व्यंगामुळे वारसा बुडण्याची तरतूद नष्ट केली, हे फार चांगले झाले. पण समाज म्हणून आपण वाटा दिला आणि इच्छा विसरलो.

कुब्जेची ती अट आपल्या बेळगावच्याच एका कवयित्रीने काढून टाकली होती. इंदिरा संत (१९१४–२०००) यांची 'कुब्जा' ही कविता रसिकांच्या चांगली परिचयाची आहे. पहाटेची वेळ, राधा आणि गोकुळ अजून निजलेले, पलीकडच्या तीरावर पावा वाजतो आहे आणि पाण्यात उभी असलेली कुब्जा तो आपल्यासाठीच वाजतो आहे ह्या सुखाने भरून जाते. तेथे कोणी तिला सरळ करीत नाही. सूर तिच्यापर्यंत ती आहे तशीच असताना येतो. भागवतापुढे हे एक मोठे पाऊल होय. मात्र कवितेतली वेळ ध्यानात घ्यावी. सारे जग झोपेत असताना, कोणी पाहत नसताना कुब्जेला हे सुख लाभते. 'ॲक्सेक्स'चे श्रेय आमच्या मते हेच की, त्याने कुब्जेला पहाटेच्या अंधारातून भर दिवसाच्या उजेडात आणले, आणि तिचे मागणे तिच्याच नावाने मांडू दिले.

येथे एका शब्दाविषयी लिहिणे अगत्याचे वाटते. २०१५ च्या अखेरीपासून 'अपंग' ह्या शब्दाच्या जागी 'दिव्यांग' हा शब्द शासनाच्या व्यवहारात रूढ झाला. हेतू आदराचा होता, ह्यात शंका नाही. परंतु आम्ही देवळातली माणसे, 'दिव्य' ह्या शब्दाशी आमचा नित्य संबंध. जे दिव्य आहे त्याला आम्ही नमस्कार करतो, नैवेद्य दाखवितो, आणि त्याच्यापासून अंतर राखतो. दिव्याला भूक नसते, एकाकीपण नसते, वासना नसते. बिचारी म्हणून दूर ठेवलेल्या माणसाला देव म्हणून दूर ठेवले, तर अंतर तेवढेच उरते. ह्या चौघी स्त्रिया देवत्व मागत नाहीत. त्या शेजार मागतात.

असो. आता दोषांकडे वळू. हा पट आत्मविश्वासाचा मोठा कैवारी आहे. आपल्या देहाविषयी संकोच न बाळगता, क्षमा न मागता वावरावे, असा त्याचा रोख आहे. वर्षानुवर्षे दडपलेल्यांना ही भाषा बळ देते हे खरे. पण तीतून एक नवीच अपेक्षा निर्माण होण्याचा धोका आहे. अव्यंग मुलगी लाजली तर ती कुलीन. अपंग मुलीने मात्र आपला हक्क मिळविण्यासाठी धीट आणि बोलकी असलेच पाहिजे काय? आमच्या खेड्यांत चार खोल्यांत दहा माणसे राहतात. तेथे मनातले बोलायला आडोसा नसतो. उठण्या-बसण्याला ज्या आईचा आधार लागतो तिच्यापासून काही गुप्त ठेवण्याची सोय नसते. अशा घरातील लाजऱ्या, अबोल मुलीचा हक्क तिच्या धिटाईवर अवलंबून असता कामा नये. ही बाजू पटात अधिक यावयास हवी होती.

दुसरी उणीव ह्याहून गंभीर आहे, जरी ती पटाच्या गुणातूनच जन्मली आहे. कथनावर उभारलेल्या कलाकृतीत जे कथन करू शकतात तेच येतात. ह्या चौघींपाशी स्वतःचे मनोगत मांडण्याची भाषा आहे. ज्यांच्यापाशी ती नाही त्यांचे काय? फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील काही मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीच्या दिवसांतील स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्रीसंघटना आणि आरोग्यक्षेत्रातील कार्यकर्ते यांनी आवाज उठविल्यावर तो प्रकार थांबला. त्या मुलींचा देह जणू सांभाळणाऱ्यांच्या सोयीचा प्रश्न होता. आमच्या शेजारी सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला मुली सोडण्याच्या चालीवर कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंदी घातली. जट आली, अंगावर रोग उठला, म्हणूनही मुली सोडल्या जात. एकीकडे देहाची इच्छाच नाही असे मानून तो कापला गेला, दुसरीकडे तो देह वाटेल त्याच्या हाती गेला. दोन्हीकडे इच्छा कोणी विचारली नाही.

कायदा सावकाश का होईना, ह्या दिशेने चालला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारनाम्याने अपंगांचा विवाहाचा व कुटुंबाचा हक्क मान्य केला आणि भारताने २००७ मध्ये तो स्वीकारला. सौम्य मतिमंद स्त्रीचा गर्भ तिच्या संमतीवाचून पाडता येणार नाही, असा निर्णय चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात, वंध्यत्व आणणारी कोणतीही शस्त्रक्रिया व्यक्तीच्या स्वतंत्र आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही, असे स्पष्ट कलम आहे. शिरूरच्या मुलींना हे कलम बावीस वर्षे उशिरा मिळाले. परंतु कायदा मनाई करू शकतो. स्थळ सुचवू शकत नाही. ते काम समाजाचे.

आणि समाज म्हणजे आपणच. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. त्यांत स्त्रिया १ कोटी १८ लाख. एवढ्या मोठ्या संख्येतून आपल्या वधू-वर सूचक मंडळांच्या वह्यांत किती नावे आढळतात? आपल्या देवस्थानांची मंगल कार्यालये आहेत, सामुदायिक विवाह आपण लावतो, ज्ञातीच्या मेळाव्यांत मुला-मुलींची ओळख करून देतो. अपंग मुलीचे नाव तेथे बहुधा तिचे आई-बापच घालीत नाहीत; घातलेच तर समोर दुसरे अपंग स्थळ सुचवून आपण मोकळे होतो. महाराष्ट्र शासनाने २०१४ साली, अपंग व्यक्तीशी अव्यंग व्यक्तीने विवाह केल्यास त्या जोडप्यास पन्नास हजार रुपयांचे साहाय्य ठरविले. नव्या संसाराला मदत मिळाली ह्याचा आम्हांस आनंदच आहे. पण 'स्पर्श'मधील अनिरुद्धाला जो संशय छळतो तोच येथेही उभा राहतो: हे बक्षीस कशाचे? प्रेम करण्यासाठी भरपाई द्यावी लागते, असे तर त्या मुलीला ऐकू येणार नाही ना?

आम्हांस क्रांतिकारक सूचना करावयाच्या नाहीत. वधू-वरांच्या वहीत अपंग मुला-मुलींची नावे वेगळ्या पानावर न लिहिता सर्वांबरोबर लिहावीत. मुलीला स्थळ सांगून आले असता, 'हिला कोण करणार' असे म्हणण्यापूर्वी, 'तुला हे आवडेल काय' असे तिला विचारावे. लग्न नको असल्यास तेही तिने सांगावे, आणि ते ऐकले जावे. मतिमंद मुला-मुलींच्या आईबापांना, मुले वयात येताना काय सांगावे व कसे सांभाळावे हे जाणत्या डॉक्टरकडून समजावून घेण्याची सोय देवस्थानांनी वर्षातून एकदा तरी करावी. आणि देवळाच्या पायऱ्यांशेजारी एक उतार बांधावा. प्रवेशाचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

'ॲक्सेक्स' ही निर्दोष कलाकृती नव्हे. तिचा आवाका मर्यादित आहे, तिचा सूर कोठे कोठे उपदेशाचा होतो, आणि ज्यांना वाचा नाही त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. तथापि आपल्या पुराणांनी अटीवर दिलेले आणि आपल्या कवितेने एकांतात दिलेले ते तिने उघडपणे आणि विनाअट मागितले आहे. आणि मागणाऱ्यांच्याच तोंडून मागितले आहे. हे धैर्य दुर्मिळ आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी तरुण मंडळींबरोबर बसून हा पट पाहावा, अशी आमची शिफारस आहे.

त्या संध्याकाळी निघताना आम्ही आत डोकावलो. त्या बाई चुलीजवळ बसून भाजी निवडीत होत्या. आम्ही त्यांना विचारले, "तुम्हांला पट कसा वाटला?" त्यांनी वर पाहिले, आणि मग त्या बराच वेळ बोलत राहिल्या. काय बोलल्या ते येथे लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही विचारले, एवढेच नमूद करतो.